जावा वेब अ‍ॅप्लिकेशनचं बिल्ड आणि डिप्लॉयमेंट आपोआप कसं होतं? आलापल्लीसारख्या गावातून काम करणाऱ्यांसाठी माहिती

आलापल्ली, नागेपल्ली, अहेरी, एटापल्ली, सिरोंचा या भागातल्या आपल्या घरांमधली मुलं-मुली आता डिप्लोमा, बीसीए, बी.ई., एमसीए करू लागली आहेत. कुणी नागपूर-पुण्यात नोकरीला आहे, कुणी हैदराबादला, तर कुणी घरी बसूनच कंपनीचं काम करतंय. त्यांच्या तोंडी "बिल्ड मोडला", "आज डिप्लॉयमेंट आहे", "सर्व्हरवर टाकायचंय" हे शब्द रोज ऐकू येतात. अम्मी-अब्बांना मात्र रात्री अकराला लॅपटॉप उघडून हे लेकरू काय करतंय, ते कळत नाही.

या लेखात आम्ही जावामध्ये बनवलेलं वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करण्याचं आणि सर्व्हरवर चढवण्याचं काम आपोआप कसं होतं, ते क्रमाने सांगतो आहोत. शिकणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा आणि घरच्यांनाही कामाचं स्वरूप कळावं, म्हणून सोप्या शब्दांत लिहिलं आहे. जंगल भागात, जिथे नेटवर्क आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो, तिथे या पद्धतीचं महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे. ते का, हेही पुढे येईल.

आधी तीन शब्द समजून घेऊ

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. जावाच्या शेकडो-हजारो छोट्या फाइली असतात.

बिल्ड म्हणजे त्या मजकुरापासून चालवता येईल अशी एकच वस्तू तयार करणं. कोड कंपाइल होतो, चाचण्या होतात, लागणाऱ्या लायब्ररी जोडल्या जातात आणि शेवटी एक फाइल निघते. जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती बहुधा "वॉर" फाइल असते. स्प्रिंग बूटमध्ये बहुतेक वेळा "जार" फाइल असते आणि सर्व्हर तिच्या पोटातच असतो. या तयार वस्तूला आर्टिफॅक्ट म्हणतात.

डिप्लॉयमेंट म्हणजे ती फाइल सर्व्हरवर नेऊन चालू करणं, म्हणजे लोकांना ब्राउझरमधून अ‍ॅप्लिकेशन वापरता येतं.

आलापल्लीच्या माणसाला हे लाकडाच्या उदाहरणाने लगेच कळेल. जंगलात सागाचं झाड उभं असतं. ते कापून, मोजून, नंबर टाकून, हातोड्याची छाप मारून डेपोत येतं. पुढे न्यायचं तर वाहतूक पास लागतो. नंबर आणि छाप नसलेला ओंडका कुठून आला, हे कुणी सांगू शकत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. सर्व्हरवर चालणारी फाइल कोणत्या कोडपासून, कधी, कुणी बनवली याची खूण नसेल, तर बिघाड झाल्यावर शोध कुठून घ्यायचा? आपोआप बिल्ड करणारी व्यवस्था प्रत्येक फाइलवर नंबर टाकते आणि तिची नोंदही ठेवते.

ही साधनं आली कुठून?

जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जगासमोर आणली. तिचा मुख्य निर्माता जेम्स गॉसलिंग. १९८२ मध्ये सन स्थापन करणाऱ्यांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.

जावा वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सगळ्यात ओळखीचा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. १९९९ मध्ये सनने तो अपाची फाउंडेशनला दिला. टॉमकॅटचा बिल्ड करताना जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी "अँट" हे साधन बनवलं आणि २००० मध्ये ते स्वतंत्रपणे बाहेर आलं. २००४ मध्ये "मेव्हन"ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. पुढे "ग्रेडल" आलं. आज बहुतेक जावा प्रकल्प मेव्हन किंवा ग्रेडलवर चालतात.

हे सगळं बिल्ड करायचं साधन झालं. पण कोड बदलला की बिल्ड आपणहून सुरू व्हावा, यासाठी वेगळा सर्व्हर लागतो. थॉटवर्क्स कंपनीत २००१ च्या सुमारास "क्रूझ कंट्रोल" तयार झालं. २००४ मध्ये सनमधले कोह्सुके कावागुची यांनी "हडसन" लिहायला घेतलं. आपल्या कोडमुळे बिल्ड मोडतोय का, हे सहकाऱ्यांच्या आधी आपल्याला कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. नावाच्या मालकीवरून वाद झाला आणि २०११ मध्ये हडसनच्या बहुतेक मंडळींनी "जेंकिन्स" हे नवं नाव घेतलं. जेंकिन्स मोफत आहे, आणि ते स्वतःही एक जावा वेब अ‍ॅप्लिकेशनच आहे. जेंकिन्सशिवाय गिटलॅब, गिटहब अ‍ॅक्शन्स, गो-सीडी अशीही साधनं आहेत. नावं वेगळी असली तरी कामाचा क्रम तोच.

हाताने करण्यात अडचण काय?

नवीन शिकणारा बहुधा असं करतो: स्वतःच्या लॅपटॉपवर एक्लिप्स किंवा इंटेलिजे उघडतो, वॉर फाइल काढतो, सर्व्हरला जोडणी करतो, जुनी फाइल पुसतो, नवी अपलोड करतो आणि टॉमकॅट बंद करून पुन्हा चालू करतो. पहिल्या दिवशी हे सोपं वाटतं. अडचणी नंतर येतात.

पहिली अडचण नेटवर्कची. समजा वॉर फाइल १०० एमबीची आहे आणि अपलोडचा वेग अर्धा एमबीपीएस मिळतोय. हिशोब केला तर फाइल जायला सुमारे २७ मिनिटं लागतात, तीही मध्ये काही तुटलं नाही तर. पावसाळ्यात आलापल्लीत किंवा भामरागडच्या रस्त्यावरच्या गावांत २७ मिनिटं अखंड नेट कोण छातीठोकपणे सांगेल? अर्धी फाइल गेली आणि लाइट गेली, तर जुनी पुसलेली आणि नवी अपुरी. अ‍ॅप्लिकेशन बंद.

आपोआप पद्धतीत मात्र आपण फक्त बदललेला कोड पाठवतो. दहा-वीस ओळींचा बदल म्हणजे काही केबी. एवढं तर एक दांडी नेटवर्कवरही जातं. पुढचं सगळं, म्हणजे लायब्ररी आणणं, बिल्ड करणं, सर्व्हरवर नेणं, हे मुंबई-हैदराबादच्या डेटा सेंटरमधली मशीनं आपसांत करतात. आपली लाइट गेली तरी काम थांबत नाही. गावात राहून हे काम करू पाहणाऱ्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

दुसरी अडचण "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" ही. एकाकडे जावा ८, दुसऱ्याकडे १७, सर्व्हरवर ११. फाइल कुणाच्या लॅपटॉपवर बनली, त्यावर ती चालेल की नाही ते ठरतं. बिल्ड एकाच ठरलेल्या मशीनवर झाला की हा घोळ संपतो.

तिसरी अडचण माणसाच्या विसरण्याची. पंधरा पायऱ्या रात्री उशिरा, थकलेल्या डोळ्यांनी करायच्या म्हटल्यावर एखादी सुटतेच.

पाइपलाइन : एकामागून एक पायऱ्या

आपोआप चालणाऱ्या या मालिकेला पाइपलाइन म्हणतात. एका नेहमीच्या जावा प्रकल्पात ती अशी असते.

१. कोड गिटमध्ये जातो. गिट ही कोडची रोजनिशी. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती बनवली. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद तिच्यात राहते. गिटमध्ये नसलेली कोणतीही गोष्ट बिल्डमध्ये जाऊ नये, हा पहिला नियम.

२. सर्व्हरला निरोप जातो. नवा कोड आला की गिटचा सर्व्हर जेंकिन्सला कळवतो. याला वेबहुक म्हणतात. काही ठिकाणी जेंकिन्सच ठराविक वेळाने बदल झाला का ते बघत राहतो.

३. कोड कंपाइल होतो. मेव्हन प्रकल्पात "पॉम" नावाची फाइल असते. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, जावा कोणतं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्यानुसार मेव्हन लायब्ररी उतरवतो. एकदा उतरवलेली लायब्ररी साठवून ठेवली, तर पुढचा बिल्ड बराच लवकर होतो.

४. चाचण्या चालतात. जेयुनिटमध्ये लिहिलेल्या चाचण्या इथे होतात. एकही नापास झाली की पाइपलाइन थांबते आणि संबंधित माणसाला मेल जातो. चुकीचा कोड इथेच अडतो, लोकांपर्यंत पोचत नाही.

५. वॉर किंवा जार फाइल तयार होते आणि तिला नंबर मिळतो. ती नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारख्या भांडारात ठेवली जाते. इथे नवशिक्यांचा एक गोंधळ होतो. मेव्हनमध्ये "डिप्लॉय" नावाची पायरी आहे, पण ती फाइल या भांडारात ठेवते, टॉमकॅटवर चढवत नाही. टॉमकॅटवर चढवणं हे वेगळं काम आहे.

६. चाचणीच्या सर्व्हरवर चढवलं जातं. हा सर्व्हर खऱ्या सर्व्हरसारखाच असावा: जावा तेच, टॉमकॅट तोच, डेटाबेसची आवृत्ती तीच. इथे लोक प्रत्यक्ष वापरून बघतात.

७. मंजुरी. जबाबदार माणूस बघतो आणि हो म्हणतो. जेंकिन्समध्ये पाइपलाइन इथे थांबवून ठेवता येते.

८. खऱ्या सर्व्हरवर जातं. इथे पुन्हा बिल्ड करायचा नाही. चाचणीत पास झालेली तीच फाइल पुढे न्यायची. पुन्हा बिल्ड केला तर ती नवी वस्तू झाली, जिची चाचणी कुणी घेतलेली नाही.

९. तब्येत तपासली जाते. अ‍ॅप्लिकेशन उठलं का, डेटाबेसशी बोलतंय का, लॉगिनचं पान उघडतंय का, हे पाइपलाइन स्वतः विचारते. उत्तर बरोबर नसेल तर जुनी आवृत्ती परत लावते.

पहिल्या पाच पायऱ्या आपोआप होत असतील तर त्याला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. फाइल कधीही लोकांपुढे न्यायला तयार असेल, पण शेवटची मंजुरी माणूस देत असेल, तर ती कंटिन्युअस डिलिव्हरी. मंजुरीशिवाय थेट लोकांपुढे जात असेल तर कंटिन्युअस डिप्लॉयमेंट. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात.

पाइपलाइनचे हे टप्पे "जेंकिन्सफाइल" नावाच्या फाइलमध्ये लिहून कोडसोबतच गिटमध्ये ठेवतात. म्हणजे उद्या जेंकिन्सचं मशीन बंद पडलं तरी पाइपलाइन हरवत नाही.

टॉमकॅटवर चढवताना घ्यायची काळजी

टॉमकॅटच्या "वेबअ‍ॅप्स" फोल्डरवर त्याचं सतत लक्ष असतं. नवी वॉर फाइल दिसली की तो ती आपोआप उघडतो. म्हणूनच मोठी फाइल थेट या फोल्डरमध्ये कॉपी करत बसू नये. अर्धीच फाइल आली असताना टॉमकॅटने ती उघडायला घेतली तर अ‍ॅप्लिकेशन उभंच राहत नाही. फाइल आधी त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये आणावी, तिचा चेकसम जुळतो का बघावं आणि मगच ती हलवावी. एकाच डिस्कवर फाइल हलवणं हे क्षणाचं काम असतं, अर्धवट राहत नाही.

टॉमकॅट ७ पासून एकाच अ‍ॅप्लिकेशनच्या दोन आवृत्त्या सोबत चालवता येतात. फाइलच्या नावात दोन हॅश चिन्हं आणि पुढे आवृत्तीचा नंबर द्यायचा. ज्यांचं काम सुरू आहे ते जुन्या आवृत्तीवर राहतात, नवे येणारे नव्या आवृत्तीवर जातात. अर्धा फॉर्म भरलेल्या माणसाला बाहेर फेकलं जात नाही. मात्र यासाठी सर्व्हरवर मेमरी जास्त लागते.

टॉमकॅट ९ वरून १० वर जाताना जपून. १० पासून आतल्या पॅकेजची नावं "जावाएक्स"ऐवजी "जकार्ता" झाली आहेत. जुन्या कोडची वॉर फाइल जशीच्या तशी नव्या टॉमकॅटवर चालत नाही. कोड बदलावा लागतो किंवा अपाचीने दिलेलं रूपांतराचं साधन वापरावं लागतं.

टॉमकॅट आणि जेंकिन्स दोघंही मुळात ८०८० हाच पोर्ट मागतात. एकाच मशीनवर दोन्ही बसवताना एकाचा पोर्ट बदला, नाहीतर दुसरं सुरूच होणार नाही. शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला दिवस यातच जातो.

डेटाबेसचं काय?

अ‍ॅप्लिकेशनची जुनी फाइल परत लावता येते, पण डेटाबेसमधला पुसलेला कॉलम परत येत नाही. म्हणून डेटाबेसमधले बदलही क्रमांक देऊन गिटमध्ये ठेवतात आणि फ्लायवे किंवा लिक्विबेससारख्या साधनाने लावतात. कोणता बदल लागला, कोणता राहिला, याची नोंद ही साधनं डेटाबेसमध्येच ठेवतात.

यातला एक चांगला नियम: आधी वाढवा, मग वापरा, शेवटी काढा. म्हणजे नवा कॉलम आधी जोडायचा, मग तो वापरणारा कोड चढवायचा, आणि सगळं नीट चाललंय याची खात्री झाल्यावर पुढच्या एखाद्या वेळी जुना कॉलम काढायचा. मधल्या काळात मागे फिरायची वेळ आली तरी काही हरवत नाही. आणि प्रत्येक मोठ्या बदलाआधी बॅकअप. तो बॅकअप परत लावून पाहिलेला असावा, नुसता घेतलेला नव्हे.

दुसऱ्याचा डेटा म्हणजे अमानत

आपल्याकडे अमानतीचा अर्थ लहान मुलालाही माहीत असतो. रुग्णालयाच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये लोकांचे आजार असतात, शाळेच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये मुलींचे फोन नंबर, जमातीच्या हिशोबात जकात घेणाऱ्यांची नावं. ज्याच्या हातात सर्व्हरची चावी आहे, त्याच्याकडे ही अमानत आहे. त्यासाठी काही गोष्टी पाळाव्याच लागतात.

- पासवर्ड आणि चाव्या कधीही गिटमध्ये ठेवू नका. नंतर पुसलं तरी गिटच्या इतिहासात ते राहतं. चुकून गेलंच तर पुसण्यात वेळ न घालवता आधी पासवर्ड बदला.
- जेंकिन्समध्ये गुप्त गोष्टी ठेवायला वेगळी जागा असते, तीच वापरा. लॉगमध्ये पासवर्ड छापला जात नाही ना, ते तपासा.
- सर्व्हरवर डिप्लॉयमेंटसाठी वेगळा युजर ठेवा, त्याला लागेल तेवढाच अधिकार द्या. रूटने काम करू नका.
- टॉमकॅटचं मॅनेजर पान आणि जेंकिन्स सगळ्या इंटरनेटला उघडं ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द जेंकिन्समध्ये सर्व्हरवरच्या फाइली बाहेरच्याला वाचता येतील अशी गंभीर त्रुटी जाहीर झाली होती. पाइपलाइन चालवणारं साधनही अपडेट करावं लागतं.
- लोकांचा खरा डेटा चाचणीच्या सर्व्हरवर आणू नका. बनावट नावं-नंबर भरून काम होतं.

दुर्लक्ष झालं की काय होतं?

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर चालू झालं. आठ सर्व्हरवर ते हाताने चढवलं होतं, पण एक सर्व्हर राहून गेला. त्यावरचा जुना कोड जागा झाला आणि नको ते सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, एवढी एक तपासणी पाइपलाइनने काही सेकंदांत केली असती.

दुसरं उदाहरण थेट जावा वेब अ‍ॅप्लिकेशनचं. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधली त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच वेळी मिळाली. इक्विफॅक्स या कंपनीच्या एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती दुरुस्ती लागली नाही. त्या वर्षी सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली.

तिसरं डिसेंबर २०२१ चं. लॉग-फोर-जे ही लायब्ररी जगभरच्या असंख्य जावा अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे. तिच्यात दहापैकी दहा धोक्याची त्रुटी सापडली. त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा एकामागून एक चार आवृत्त्या आल्या. ज्यांची पाइपलाइन तयार होती, त्यांनी पॉम फाइलमध्ये एक नंबर बदलला आणि पुढचं आपोआप झालं. हाताने करणाऱ्यांना तेच काम चार वेळा, प्रत्येक सर्व्हरवर, रात्री जागून करावं लागलं.

आपल्या शेजारचं उदाहरण

हे सगळं मोठ्या कंपन्यांपुरतं नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण आणि आदिवासी लोकांसाठी रुग्णालय चालवते. त्यांच्या गरजेतून थॉटवर्क्सच्या लोकांनी "बाह्मनी" नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर बनवलं. त्याचा गाभा "ओपन-एमआरएस" हे जावा वेब अ‍ॅप्लिकेशन आहे. २००४ मध्ये आफ्रिकेतल्या एचआयव्ही उपचारांच्या कामातून त्याची सुरुवात झाली. ते मेव्हनने बिल्ड होतं आणि टॉमकॅटवर चालतं. बाह्मनीत प्रयोगशाळेसाठी वेगळं जावा अ‍ॅप्लिकेशन आहे, बिल आणि औषधसाठ्यासाठी ओडू आहे.

आता विचार करा. एवढे तीन-चार भाग, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या रुग्णालयांत. गावातल्या रुग्णालयात बसून प्रत्येक भाग हाताने कोण बसवणार? म्हणून बाह्मनीच्या टीमने सुरुवातीपासून बिल्ड आपोआप ठेवला. आधी सेंट ओएसवर तयार पॅकेज आणि अ‍ॅन्सिबलच्या मदतीने ते बसवलं जाई. पुढे डॉकर आलं. डॉकरमध्ये अ‍ॅप्लिकेशन, जावा, टॉमकॅट सगळं एकाच बंद डब्यात असतं. डबा कुठेही न्या, आतलं तेच राहतं.

आरोग्य खात्यांच्या आकडेवारीसाठी अनेक देशांत वापरलं जाणारं "डीएचआयएस-२" हेही जावातच आहे. ऑस्लो विद्यापीठ ते सांभाळतं आणि त्याचा पहिला वापर २००६ मध्ये आपल्याच देशात, केरळमध्ये झाला. दोन्हींचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्यांची पॉम फाइल कशी आहे, पाइपलाइन कशी लिहिली आहे, हे आलापल्लीत बसूनही वाचता येतं. शिकायला याहून चांगलं पुस्तक नाही.

घरी बसून शिकायचं कसं?

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. सगळी साधनं मोफत आहेत. क्रम असा ठेवा.

१. ओपनजेडीके बसवा. १७ किंवा २१ ही आवृत्ती घ्या, दोन्हींना दीर्घकाळ आधार आहे.
२. गिट शिका. आठवडाभरात रोजचं काम जमतं.
३. मेव्हनने एक छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन बनवा. आपल्या मशिदीच्या वाचनालयाची पुस्तक नोंद, नाहीतर दुकानाची उधारी वही, काहीही चालेल.
४. चार-पाच खऱ्या चाचण्या लिहा. उधारी वहीत जमा-नावेचा हिशोब चुकतो का, ते तपासणारी एक तरी हवी.
५. लिनक्सच्या कमांड शिका. सर्व्हरवर माउस नसतो.
६. टॉमकॅटवर आधी हाताने चढवा. हाताने न करता पाइपलाइन लिहिली तर बिघाड कुठे आहे ते कळत नाही.
७. मग जेंकिन्स किंवा गिटहब अ‍ॅक्शन्स. गिटहबवर खुल्या प्रकल्पांसाठी हे मोफत आहे, खासगी प्रकल्पांना सध्या महिन्याला २,००० मिनिटं मोफत मिळतात. आलापल्लीतून काम करताना याचा फायदा असा की बिल्ड त्यांच्या मशीनवर होतो, तुमचा डेटा पॅक त्यात जात नाही.
८. शेवटी डॉकर. त्याच्या इमेज मोठ्या असतात. चंद्रपूर-नागपूरला चांगलं वायफाय मिळेल तेव्हा उतरवून ठेवा.

मेव्हनची लायब्ररी एकदा उतरवली की लॅपटॉपवर साठते. नंतर "ऑफलाइन" पर्याय देऊन नेटशिवायही बिल्ड होतो. पावसाळ्यात रस्ते आणि टॉवर बंद पडतात त्या दिवसांत हे लक्षात असू द्या.

पालकांसाठी दोन शब्द

या कामाला कंपन्यांमध्ये डेव्हऑप्स किंवा बिल्ड-रिलीज इंजिनिअर म्हणतात. "नोकरीची हमी" सांगून मोठी फी मागणारे क्लास शहरात भरपूर आहेत. पैसे भरण्याआधी विचारा: मुलाच्या हातून स्वतःची पाइपलाइन लिहून घेणार का? की फक्त व्हिडिओ दाखवणार? मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा गिटहबवरचा चालता प्रकल्प जास्त बोलतो. पदवीच्या फीसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. सध्याच्या अटी महामंडळाच्या कार्यालयातच विचाराव्या. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून पदवीसाठी नागपूर विद्यापीठावर अवलंबून राहावं लागत नाही.

मुलींच्या बाबतीतही हे काम विचारात घेण्यासारखं आहे. एकदा अनुभव आला की यातलं बरंचसं घरून करता येतं. मात्र खरं सांगायचं तर पहिली नोकरी बहुतेक वेळा शहरात, ऑफिसात बसूनच मिळते. एक-दोन वर्षं बाहेर राहण्याची तयारी, सुरक्षित हॉस्टेल, ओळखीचं घर याचा विचार आधीच करून ठेवावा. "घरी बसून लगेच पगार" असं कुणी सांगत असेल तर सावध राहा.

आणि रात्री अकराच्या त्या लॅपटॉपबद्दल. ज्या टीमची पाइपलाइन नीट असते, तिथे डिप्लॉयमेंट दुपारी, सगळे जागे असताना, दहा-पंधरा मिनिटांत होतं. रमजानमध्ये इफ्तार सोडून उठावं लागत नाही, जुम्याच्या नमाजाला जाताना जीव टांगणीला लागत नाही. मुलगा महिनोन् महिने रोज रात्री जागत असेल, तर त्याला विचारा की तुमच्याकडे हे काम अजून हाताने चालतं का. ते बदलण्याचा प्रस्ताव त्यानेच टीमपुढे ठेवावा. कंपनीत नाव होण्याची ही चांगली वाट आहे.

एक इशारा

आपोआप म्हणजे बिनचूक नव्हे. चाचण्याच नसतील तर पाइपलाइन चुकीचा कोडही तितक्याच वेगाने आणि सगळ्या सर्व्हरवर एकदम पोचवते. म्हणून सुरुवात छोटी करा. पहिल्या महिन्यात फक्त कंपाइल आणि चाचण्या आपोआप करा. दुसऱ्या महिन्यात चाचणीच्या सर्व्हरपर्यंत जा. मागे कसं फिरायचं, हे दोन-तीनदा मुद्दाम करून पाहा. ते सवयीचं झालं की मगच खऱ्या सर्व्हरला हात लावा. इन्शाअल्लाह, सहा महिन्यांत हे काम हातात बसतं.